बिनपाण्याचा कूलर

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. शाळेत निकालपत्रकांचे काम आटोपून दुपारी घरी आले, तर सासूबाईंनी दारातच गाठले.

"तुझी लेक नवा कूलर मागवतेय म्हणे. आहे तो काय वाईट आहे?"

खिडकीतला आमचा लोखंडी कूलर तेव्हा धडधडत चालूच होता. आत थोरली लेक कॉम्प्युटरचे एक झाकण काढून, मोबाइलच्या उजेडात त्यात डोके घालून बसली होती. ती म्हणाली, "दादी, खोलीचा नाही, कॉम्प्युटरचा कूलर." दादींनी त्या उघड्या डब्याकडे बराच वेळ पाहिले आणि त्यांच्या दखनीत विचारले, "इसमें पानी कां डालना?"

सगळे हसलो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे मला पुढच्या दहा दिवसांत कळले. मी परळीत उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि मराठी शिकवते. उष्णतेचे वहन हा धडा अनेक वर्षे शिकवला आहे. तरी घरातल्या यंत्राला तो लागू करायची वेळ पहिल्यांदाच आली. आजकाल बहुतेक घरांत मुलांच्या अभ्यासासाठी, दुकानासाठी किंवा डिझाइनच्या कामासाठी कॉम्प्युटर असतो आणि आपल्या मराठवाड्यात उन्हाळाही असतो. म्हणून हा अनुभव वाचकांसमोर सविस्तर मांडते आहे.

काय झाले होते?

थोरली बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्नसराईत पत्रिका आणि शादीचे व्हिडिओ एडिट करून ती स्वतःची फी स्वतः भरते. त्यासाठी मागच्या वर्षी एक जुना डेस्कटॉप घेतला. प्रोसेसर चांगला, इंटेलचा आय-सेव्हन १०७००. हिवाळाभर काही तक्रार नव्हती. एप्रिल उजाडला आणि व्हिडिओ तयार होत असतानाच मशीन मध्येच बंद पडू लागले. कधी अर्ध्या तासाने, कधी पाच मिनिटांत. एका लग्नाचा व्हिडिओ आठ दिवसांत द्यायचा होता, आगाऊ पैसे घेऊन झाले होते, आणि ते फीमध्ये भरूनही टाकले होते.

एका दुकानात दाखवले. दोन मिनिटांत सांगण्यात आले, बोर्ड गेला, दुसरे मशीन घ्या. मुलांचे अब्बा गप्प झाले. दुसरे मशीन घ्यायचे म्हणजे धाकट्याच्या प्रवेशाचे पैसे मोडावे लागणार होते. थोरली मात्र म्हणाली, "अम्मी, बोर्ड गेला असता तर चालूच झाले नसते. सकाळी गार वेळेत नीट चालते आणि दुपारी बंद पडते, म्हणजे हा तापाचा प्रश्न आहे."

मला तिचे बोलणे पटले. वर्गात आपण मुलांना हेच सांगतो ना, की आधी निरीक्षण करा आणि मग निष्कर्ष काढा?

हरारत आणि दर्जा-ए-हरारत

उर्दूत उष्णतेला हरारत म्हणतात आणि तापमानाला दर्जा-ए-हरारत. मराठीत उष्णता आणि तापमान. दोन्ही भाषांतली मुले या दोन शब्दांची गल्लत करतात. कॉम्प्युटरच्या कूलरचा सगळा विषय मात्र या फरकावरच उभा आहे.

आपण बोलताना अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो. खरे तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्डवर बसवलेली बिस्किटापेक्षाही लहान चीप. ती जितकी वीज खाते, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आमच्या प्रोसेसरवर ६५ वॉट असे लिहिलेले आहे. पण कामाचा भार आला की थोड्या वेळासाठी तो दोनशे वॉटच्याही पुढे जाऊ शकतो. दोनशे वॉट म्हणजे जुन्या काळचे शंभराचे दोन बल्ब. ते पेटलेले असताना हात लावून पाहिलेल्यांना कल्पना येईल. इथे तेवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेतून निघते.

ती तिथून उचलून हवेत सोडणे, एवढेच कूलरचे काम. तो थंडावा तयार करत नाही. त्यामुळे कितीही महागडा हवेचा कूलर लावला, तरी प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाच्या खाली जाणार नाही. खोली ३० अंशांवर असताना प्रोसेसर ७५ अंशांवर राहत असेल, तर खोली ४० वर गेल्यावर तेच काम करताना तो ८५ च्या आसपास जाईल. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत जे चालते, ते परळीच्या पत्र्याखालच्या खोलीत का चालत नाही, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे.

या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोहोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही ताप वाढतच गेला तर स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद पडते. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजत होतो, तो खरे तर बचाव होता.

परळीकरांना हे समजायला दूर जायला नको. २०१३ च्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे आपल्या औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कोळसा असला आणि यंत्रे धडधाकट असली, तरी वाफ थंड करून उष्णता बाहेर टाकायला पाणी नसेल तर वीज तयार होऊ शकत नाही. केंद्र पाण्यावाचून थांबले, आमचा डबा हवेवाचून थांबत होता.

आधी फुकटचे उपाय

थोरलीला लगेच नवा कूलर मागवायचा होता. मी म्हटले, आधी आहे तो तपासू. वायर काढली, बंद केल्यावरही चालूचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज उतरवली आणि अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. झाकण काढले तर आत धुळीची गादीच होती. मऊ ब्रशने आणि हवेच्या छोट्या ब्लोअरने ती काढली. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भन्नाट फिरते आणि बेअरिंग खराब होते.

मग खरे दुखणे सापडले. कंपनीकडून आलेला छोटा गोल कूलर प्लास्टिकच्या चार खिळ्यांवर बसतो. त्यातला एक खिळा उचकटलेला होता. मशीन आणताना टेम्पोत बसलेल्या धक्क्यांनी तसे झाले असावे. तीन पायांवर उभ्या खाटेसारखा तो कूलर एका बाजूने अधांतरी होता. खिळ्यांवर बाण असतो. त्या दिशेला फिरवले की ते सुटतात. कूलर काढला, वाळून खपली झालेली जुनी पेस्ट पुसली, नवी लावली आणि चारही खिळे टक् आवाज येईपर्यंत दाबले.

मशीन बंद पडणे थांबले. बोर्ड शाबूत होता. अब्बांनी त्या दिवशी दोन वेळा चहा मागितला.

पण दुपारी व्हिडिओ लावला की तापमान पुन्हा ९८, ९९, १०० होई आणि वेग पडे. एका तासाच्या कामाला अडीच तास लागू लागले. छोटा कूलर आता नीट बसला होता, पण आमच्या उन्हाळ्याला आणि या कामाला तो अपुराच होता. आता मोठा कूलर घेण्याला कारण होते.

मोठा म्हणजे किती मोठा?

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरवर ना पंखा होता ना धातूचे पंखे-पट्ट्यांचे हीटसिंक. पुढे वेग वाढला तशी उष्णता वाढली आणि कूलरही वाढत गेले. आज बाजारात मिळणारे मोठे कूलर मनोऱ्यासारखे उभे असतात. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा नावाजलेला कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे आणि दोन पंख्यांसह त्याचे वजन १ किलो ३२० ग्रॅम भरते. थोरलीचा जीव त्याच्यावर जडला होता.

मी शाळेतली पट्टी आणून दिली. मदरबोर्डपासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत मोजले. आमच्या कॅबिनेटमध्ये जेमतेम १६० मिलिमीटर उंची मावणार होती. म्हणजे पाच मिलिमीटरने स्वप्न हुकले. शिवाय त्याची किंमतही आमच्या आवाक्याबाहेरची. शेवटी चार नळ्यांचा, १२० मिलिमीटरच्या एकाच पंख्याचा, १५५ मिलिमीटर उंचीचा कूलर ठरला. तो अडीच-तीन हजारांच्या घरात बसला.

घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, उंची. दुसरी, सॉकेट. आमचा प्रोसेसर एलजीए १२०० सॉकेटचा आहे, त्याच्या बोर्डवरच्या भोकांमध्ये ७५ मिलिमीटरचे अंतर असते. त्यानंतरच्या एलजीए १७०० मध्ये ते ७८ झाले. एएमडीच्या एएम४ बोर्डची मांडणी तर वेगळीच. कूलरच्या खोक्यावर आपल्या सॉकेटचे नाव असल्याशिवाय घेऊ नये. तिसरी, रॅम. उंच रॅमच्या पट्ट्या पंख्याला अडतात.

नळीतले पाणी

कूलर आला आणि खोके उघडले. ॲल्युमिनियमच्या कितीतरी पातळ पट्ट्या एकावर एक, आणि त्यांच्यातून वर गेलेल्या तांब्याच्या चार वाकड्या नळ्या. दादींनी पुन्हा तोच प्रश्न केला. या वेळी मी म्हटले, "अम्मी, पाणी आहे. आत, नळ्यांतच."

या नळ्यांना हीट पाइप म्हणतात. आतली हवा काढून त्यात अगदी थोडे पाणी घालून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. दाब कमी असल्यामुळे पाणी १०० अंशांपर्यंत थांबत नाही, प्रोसेसरच्या कोमट उबेनेही त्याची वाफ होते. वाफ होताना ते उष्णता उचलते. वाफ नळीच्या वरच्या थंड टोकाला जाते, तिथे उष्णता पट्ट्यांना देते, पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीदार अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत खाली येते. हे अखंड चालते. पंखा पट्ट्यांतली गरम हवा बाहेर लोटतो.

माठातले पाणी गार होते ते बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना उष्णता नेते म्हणून. खिडकीतला कूलर चालतो तोही याच तत्त्वावर. फरक एवढाच, की माठातले आणि खिडकीतल्या कूलरमधले पाणी उडून जाते, ते पुन्हा भरावे लागते. नळीतले पाणी मात्र आतल्या आतच फिरत राहते. या कल्पनेचे पहिले पेटंट अमेरिकेत रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये मिळाले. १९६३ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे विकसित केली. अंतराळयानांसाठी उपयोगी पडलेली ही नळी आज आपल्या टेबलाखाली आहे.

बसवण्याचा दिवस

सकाळी, कूलरची आणि कामाची गडबड सुरू होण्याआधी, दस्तरखान उचलल्यावर त्याच जागी जुनी चादर अंथरली. मुलीचे चाचा आले होते. ते म्हणाले, "एवढे महागाचे मशीन, मुलीच्या हातात कशाला? मेकॅनिकला बोलवा." थोरलीने काही उत्तर दिले नाही. तिने सुटे भाग पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे ओळीत मांडले आणि स्क्रू मोजून वाटीत ठेवले. चाचा तिथेच खुर्ची ओढून बसले.

आधी मशीन पाच-सात मिनिटे चालवून बंद केले, म्हणजे पेस्ट ऊबदार होऊन सैल पडते. जुना कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून काढला. ज्यांच्याकडे एएमडीचे एएम४ मशीन आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्यात पिना प्रोसेसरलाच असतात आणि जोराने ओढल्यास कूलरला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो.

प्रोसेसरची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सुती कापडाने लख्ख पुसली. बोर्डच्या मागच्या बाजूने आधाराची पट्टी लावायची असते. आमच्या कॅबिनेटला तिथे मोठी खिडकी कापलेली असल्याने बोर्ड बाहेर काढावा लागला नाही. ती नसेल तर अख्खा बोर्ड काढावा लागतो, हेही आधी पाहून ठेवावे. प्रोसेसरला वीज देणारी एसएमपीएसची आठ पिनांची वायर कोपऱ्यात असते. मोठा कूलर बसल्यावर तिथे हात जात नाही, म्हणून ती आधीच नीट बसली आहे ना, हे तपासले.

मग पेस्ट. प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी. चाचा म्हणाले, "एवढीशीच? सगळीकडे लाव." पेस्ट जास्त असली म्हणजे चांगली, असे नसते. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता ४०० च्या आसपास धरली, तर हवेची ०.०२६ इतकी नगण्य. पेस्ट त्या खाचा भरते. पण पेस्ट स्वतःही तांब्याच्या कितीतरी मागे आहे. म्हणून थर हवा तो पातळ. वजनाने दाबली की ती आपोआप पसरते.

थोरलीने कूलर उचलला. अब्बा मोबाइलचा उजेड धरून उभे. कूलर प्रोसेसरवर टेकणार, इतक्यात दादी म्हणाल्या, "थांब बेटा. खाली हे काय चमकतंय?"

कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता. पुस्तिकेत लाल अक्षरांत लिहिलेले होते आणि तरी आम्हा चौघांच्या नजरेतून सुटले होते. दादी म्हणाल्या, "नव्या तव्याचा कागद काढल्याशिवाय कुणी तवा चुलीवर ठेवतं का?" तो पापुद्रा राहिला असता तर तांबे आणि प्रोसेसर यांच्यामध्ये प्लास्टिकची भिंत झाली असती आणि आम्ही कूलरच खराब निघाला म्हणून बसलो असतो.

पापुद्रा काढला, कूलर टेकवला. दोन्ही स्क्रू एकदम न आवळता आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. चार स्क्रू असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांत, गाडीच्या चाकाच्या नटांसारखे आवळावेत. एका बाजूने आधी आवळले तर तळ तिरका बसतो. स्क्रू थांबला की आपणही थांबावे. पंख्याची हवा पुढून मागे जाईल अशी दिशा ठेवली. ज्या बाजूला पंख्याच्या मधल्या आधाराच्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शेवटी पंख्याची वायर बोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी लावली.

बटण दाबले. एक क्षण पडदा काळाच राहिला आणि थोरलीचा चेहरा उतरला. मग पंखा फिरला आणि कंपनीचे चिन्ह उमटले. कुणी काही बोलले नाही. चाचांनी फक्त खुर्ची थोडी पुढे सरकवली.

काय साधले?

दुपारी तीन वाजता, खोलीत ३९ अंश असताना, तोच व्हिडिओ लावला. तापमान ८२ वर जाऊन थांबले. वेग पडला नाही. पंख्याचा आवाजही पूर्वीपेक्षा कमी, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तितकीच हवा लोटतो. लग्नाचा व्हिडिओ ठरलेल्या दिवशी गेला.

पण सगळे श्रेय नव्या कूलरला देता येणार नाही. आम्ही कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घेतले, म्हणजे मागून निघालेली गरम हवा तिथेच घुटमळत नाही. ते जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवले. खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ते होते, तिथून बाजूला केले. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. त्या झोतातून उडालेले तुषार बोर्डवर पांढरे डाग पाडतात. खोलीची हवा मात्र थंड हवीच, म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी ठेवतो.

आता दर दोन महिन्यांनी धूळ काढायची, असे कॅलेंडरवर लिहिले आहे. मशीन कुठे न्यायचे झाले तर कॅबिनेट आडवे, बोर्ड खाली येईल असे ठेवून न्यायचे, कारण उभ्या बोर्डवर लटकलेला जड कूलर धक्क्यांनी बोर्ड वाकवू शकतो.

भगिनींनो, घरात मूल एखादे यंत्र उघडून बसले तर लगेच ओरडू नका. वायर काढली आहे ना, एवढे आधी पाहा आणि शेजारी बसा. मोजमाप, धीर आणि स्वच्छ हात हे आपण स्वयंपाकघरात रोज वापरतोच. त्या दिवशी बीएड झालेल्या मला, बीसीए करणाऱ्या लेकीला आणि उजेड धरणाऱ्या अब्बांना जे दिसले नाही, ते कधी शाळेत न गेलेल्या दादींना दिसले.

चाचांनी परवा फोन केला. त्यांच्या दुकानातले बिलाचे मशीन दुपारी फार हळू चालते म्हणे. मेकॅनिकला बोलावू का, असे त्यांनी विचारले नाही. "थोरली रविवारी मोकळी आहे का?" एवढेच विचारले.